पक्का मांडव

रविवारी दुपारी बारा वाजून वीस मिनिटांनी अंबाजी शेळगावकर आपल्या मुलाच्या बागेत, कंपाउंडच्या भिंतीजवळ, खुर्चीवरून खाली पडले. मे महिना होता, साल अठ्ठ्याण्णव. मांडवाची सावली तिथून हाताच्या अंतरावर होती आणि मांडवाखाली त्या वेळी कोणीही नव्हतं.

ड्यूटीवरच्या डॉक्टरला हर्षवर्धनने हे असंच सांगितलं, फक्त सावलीचं सोडून. डॉक्टर तरुण होता, त्याचे डोळे झोपेने लाल झाले होते. त्या आठवड्यात उन्हाने पडलेली माणसं दवाखान्यात रोजच येत होती, पेपरात गावोगावचे आकडे छापून येत होते. दारातली नर्स स्ट्रेचर बघूनच "वडदेब्बा" म्हणाली, उन्हाचा तडाखा. सर्दी म्हणावं इतक्या सहज म्हणाली. "कितने देर से धूप में थे?" डॉक्टरने विचारलं. "पता नहीं," हर्षवर्धन म्हणाला. डॉक्टरने मान हलवली आणि तो आत गेला. दार झुललं, थांबलं. मग हर्षवर्धन बाकावर बसला आणि आपण किती सफाईने 'पता नहीं' म्हणालो याचं त्याला आश्चर्य वाटलं. कारण त्याला ठाऊक होतं. साधारण अकरापासून, असं तो सांगू शकला असता. डॉक्टरने कदाचित त्याच्याकडे पाहिलंही नसतं, नुसतं ऐकून घेतलं असतं. तरीही त्याने सांगितलं नव्हतं.

कॉरिडॉरमध्ये फिनाइलचा वास होता आणि कुठूनतरी एसीचं पाणी टप टप बादलीत पडत होतं. समोर मालनबाई, त्याची आई, भिंतीला पाठ लावून फरशीवर बसली होती. बाक रिकामे होते. "आई, वर बस ना," असं तो दोनदा म्हणाला होता. दोन्ही वेळा तिने ऐकलं नसल्यासारखं केलं. तिच्या पदराला तव्याचा वास होता, कोपरापर्यंत पीठ वाळलं होतं. प्रणिता, त्याची बायको, बर्फ आणायला गेली होती. दवाखान्यातला बर्फ संपला होता आणि बाहेरच्या शीतपेयांच्या दुकानातून लाद्या आणाव्या लागत होत्या. आत बाबांच्या काखेत, जांघेत, मानेखाली तो बर्फ ठेवत होते. अंगात एकशे सात ताप होता. हर्षवर्धनने आयुष्यात बाबांच्या काखेत हात घातला नव्हता. आज गाडीत ठेवताना घातला, तेव्हा तिथे घाम नव्हता. कोरडी, तापलेल्या पत्र्यासारखी कातडी. तो स्पर्श अजून त्याच्या तळव्यात होता आणि तळवा तो पँटला पुसत होता.

मांडव मुळात त्याच्याच हौसेचा. दोन वर्षांपूर्वी कंपनीने त्याला सहा महिने न्यू जर्सीला पाठवलं होतं. तिथे एका क्लायंटच्या घरामागे त्याने तो पहिल्यांदा पाहिला: चार जाड लाकडी खांब, वर आडवे वासे, त्यांच्यावर उभ्या पट्ट्या, बाजूने चढलेली एक वेल आणि खाली पांढऱ्या खुर्च्या. संध्याकाळ होती, कोणीतरी मांस भाजत होतं आणि पट्ट्यांमधून उतरणारं ऊन सगळ्यांच्या अंगावर सारख्याच रेघा ओढत होतं. त्याच्या, यजमानाच्या, यजमानाच्या म्हाताऱ्या आईच्या. कोणी त्याला गाव विचारलं नव्हतं. इंडिया म्हटलं की तिथे गाव संपत होतं. हातात थंड ग्लास घेऊन तो त्या रेघांमध्ये उभा राहिला आणि अंगातला एक स्नायू, जो कायम आवळलेला असतो हेही त्याला माहीत नव्हतं, तो सैल पडला. परत आल्यावर उप्पलच्या रस्त्याच्या घरात ती बाग होतीच. एकेकाळी तिथे द्राक्षांचे मळे होते. मळे मोडून प्लॉट पडले, त्यातला एक त्याने घेतला, घर बांधलं आणि आईबाबांना काचीगुड्याच्या भाड्याच्या खोल्यांतून इकडे आणलं. घराला रंग दिला तेव्हा काचीगुड्याहून आणलेला बाबासाहेबांचा फोटो आतल्या खोलीत ठेवला होता. रंग वाळल्यावर तो हॉलमध्ये लावायचा होता. तो राहूनच गेला.

लाकडाचं काम अप्पारावने घेतलं. त्याला हर्षवर्धनने मासिकातलं चित्र दाखवलं, तेव्हा तो डोकं खाजवत म्हणाला, "पर्गोला क्या साब, इसको हमारे इधर पंदिरी बोलते. पंदिरी शादी को डालते, शादी हुई तो निकालते. ये पक्की पंदिरी काय को?" प्रणिता हसली. "बैठने को, अप्पाराव. चाय पीने को." "चाय घर में नै पीते?" अप्पाराव म्हणाला, पण त्याने मापं घेतली. मालनबाई पहिल्या दिवसापासून त्याला मांडव म्हणत होती. "बारा महिने मांडव ठेवतेत का कुणी दारात?" ती म्हणायची. "लग्न ना कार्य." म्हणायची, आणि पुढच्याच आठवड्यात त्याच्या खांबाशी मधुमालतीचं रोप तिनेच लावलं.

खड्ड्यांच्या वेळी घोटाळा झाला. तीन खड्डे सरळ गेले. चौथ्यात द्राक्षाच्या मळ्याचा जुना दगडी खांब लागला, वरून तुटलेला आणि बूड खाली घट्ट. अप्पारावची माणसं दोन तास झटली आणि गावाकडच्या जत्रेला निघून गेली. हर्षवर्धन तेव्हा रात्रीचं काम करत होता. अमेरिकेतल्या जुन्या प्रोग्रॅममधल्या तारखा दुरुस्त करायच्या, त्यांच्या दिवसात आपली रात्र. सकाळी अकराला ठण् ठण् आवाजाने तो उठला. खिडकीतून दिसलं, बाबा बनियनवर, पहार घेऊन त्या चौथ्या खड्ड्यात. वय सहासष्ट. रेल्वेच्या लालागुडा वर्कशॉपमधून निवृत्त होऊन आठ वर्षं झालेली. तो अनवाणीच बाहेर गेला होता.

"बाबा, काय करताय हे? अप्पारावची माणसं येतील की चार दिवसांनी."

"चार दिवसांनी ऊन वाढंल."

"अहो, शेजारचे लोक बघतात."

अंबाजींनी पहार टेकवली, कपाळावरचा घाम बोटाने निपटून टाकला. "बघू दे. माझ्याच पोराच्या घरी खड्डा खणायलोय. कुणाच्या दारात नाही."

ते हसले होते का? हर्षवर्धन बाकावर बसून हेच आठवत होता. हसले असावेत. तो मात्र आत गेला होता, आवाज येतो म्हणून त्याने खिडकी लावली होती आणि पडदा ओढून पुन्हा झोपला होता. उठला तेव्हा दगड बाहेर पडलेला होता आणि बाबा त्याच्यावर बसून चहा पीत होते.

प्रणिता बर्फ घेऊन आली. पिशवीतून पाणी गळत होतं, तिची सलवार गुडघ्यापर्यंत ओली. "पंधरा रुपयांची लादी पचासला देतोय तो," ती म्हणाली आणि मग आपण काय बोललो हे कळून तिने पिशवी नर्सपुढे केली. नर्सने पिशवी घेतली. "मामा बोलले का काही?" सासऱ्यांना ती मामा म्हणे, सासूला आत्या. हर्षवर्धनने नाही म्हणून मान हलवली. ती सासूजवळ फरशीवर बसली. आता दोघीही फरशीवर आणि तो बाकावर. उठून त्यांच्यात बसावं असं त्याला वाटलं, पण ते दिसायला नाटकी दिसेल असंही वाटलं आणि तो बसूनच राहिला.

त्याने स्वतःला एक कारण दिलं होतं. दुपारपासून तो ते कारण हळूहळू उभं करत होता, खांब रोवून माती दाबावी तसं. बाबा मांडवाखाली येतच नाहीत. ते त्यांच्या अंगातच नाही. त्याच्या लग्नातसुद्धा, काचीगुड्याच्या त्या हॉलमध्ये, भंतेजी वंदना म्हणत होते आणि बाबा बाहेर फाटकाशी उभे राहून लोकांना आत पाठवत होते. तेव्हा त्याला वाटलं होतं, यजमानाची धावपळ. पण हे जुनं होतं, बाबांच्या नवव्या वर्षापासूनचं. ती गोष्ट बाबांनी आयुष्यात एकदाच सांगितली. हर्षवर्धन दहावीत होता, काचीगुड्यात गारा पडल्या होत्या, पोरं गॅलरीत गारा वेचत होती आणि बाबा आतल्या बाजूला सरकून बसले होते. त्याने विचारलं तेव्हा ते अगदी सपाट आवाजात बोलले, वर्कशॉपमधलं काहीतरी सांगावं तसं. निजामाचं राज्य होतं. शेळगावच्या देशमुखाच्या मुलीचं लग्न. मांडवाचे खड्डे खणायचे, मेढी आणायच्या, रोवायच्या, हे काम महारवाड्याचं, पिढीजात. दिवस उगवायच्या आत यायचं. मेढी उभ्या राहिल्या, वर आंब्याचे डहाळे पडले, की आपण बाहेर. कुडाच्या पलीकडे बसायचं, पंगती उठेपर्यंत. नऊ वर्षांचा अंबाजी बापाबरोबर, रामजीबरोबर, बसला होता. दुपारी आभाळ फिरलं आणि लिंबाएवढ्या गारा सुरू झाल्या. पोरगं धावलं. जिथे डोक्यावर काही होतं तिथे धावलं. मांडवात. रामजी मागून आला, पोराला दंडाला धरून बाहेर ओढलं आणि गारांत उभं करून मेढी बांधायच्या दोरखंडाने मारायला लागला. मारतच राहिला. मांडवातले लोक आधी संतापले होते, मग गप्प झाले, मग कोणीतरी म्हणालं, राहू दे रामजी, लेकरू आहे. तेव्हा तो थांबला. "त्यांनी राहू दे म्हणेस्तोवर मारावं लागतं," अंबाजी म्हणाले होते. "आधी थांबलं तर मग ते सुरू करतेत." आणि गॅलरीकडे बघून म्हणाले, "दार लाव. पाणी आत यायलंय."

तर हे अंगात बसलेलं. शरीर विसरत नाही. माणूस रेल्वेत फिटर झाला, धम्म घेतला, मुलगा इंजिनिअर झाला, तरी पायाला माहीत असतं कुठे थांबायचं. पर्गोला पूर्ण झाल्यापासून बाबा त्याखाली बसल्याचं हर्षवर्धनला एकदाही आठवत नव्हतं. संध्याकाळी तो ऑफिसला निघे तेव्हा ते पायरीवर असत, मधुमालतीला पाइपने पाणी घालत, तेही बाहेर उभं राहून. आता हे सगळं त्याला नीट दिसत होतं, एकाला एक जुळत होतं, आणि जुळत होतं म्हणून थोडा श्वास घेता येत होता. कुणाची चूक नाही. नऊ वर्षांच्या मुलाला झालेली जखम साठ वर्षांनी उन्हात येऊन पडली. पेपरात लिहायचं तर असं लिहिता येईल.

पण मग भगवंतराव.

मुकुंदराव हा हर्षवर्धनचा मॅनेजर. न्यू जर्सीला दोन वर्षांसाठी कोणाला पाठवायचं ते तोच ठरवणार होता. "शेळगावकर म्हणजे देगलूरकडचे का हो? आमचे वडीलही तिकडचेच," असं तो एकदा लिफ्टमध्ये म्हणाला होता आणि त्यावर हर्षवर्धनने "हो, तिकडचेच" म्हटलं होतं. गावावरून पडलेलं आडनाव. वर्कशॉपमधल्या कारकुनाने लिहून घेतलेलं. त्यात जेवढं दिसायचं तेवढंच दिसायचं. मुकुंदराव वडिलांना घेऊन आज सकाळी नाश्त्याला आला. भगवंतराव महसूल खात्यातून निवृत्त झालेले, सत्तरीचे, पांढरंशुभ्र धोतर, आवाज मऊ. नव्या पर्गोल्यावर हिरवं जाळीचं कापड टाकलं होतं, आतून वायर ओढून पंखा ठेवला होता. "बहोत खूब," भगवंतराव खांबावरून हात फिरवत म्हणाले. "सागवान. जुनं दिसतंय." बाबा भिंतीजवळ खुर्चीवर पेपर वाचत होते, सकाळची वेळ, भिंतीची सावली तेव्हा लांब होती. "ते बाबा," हर्षवर्धन म्हणाला, जरा लांबूनच. अंबाजी उठले. आता ते 'जयभीम' म्हणतील असं वाटून त्याने मुकुंदरावकडे पाहिलं. त्यांनी नुसते हात जोडले.

"या की इकडे, सावलीत," भगवंतराव म्हणाले. म्हणाले होते. स्वतः, आपणहून.

"असू द्या. इथं वारं लागतंय," अंबाजी म्हणाले आणि पुन्हा खुर्चीत बसले.

हर्षवर्धनने आग्रह केला नाही. करायला हवा होता हे त्याला त्या क्षणीही ठाऊक होतं, कारण मुकुंदरावने त्याच्याकडे पाहिलं होतं, यजमानाने काहीतरी म्हणावं म्हणून थांबून. त्याने इडलीची बशी पुढे केली.

मग गप्पा निघाल्या. पाऊस, वीज, बेगमपेटची ट्रॅफिक. भगवंतराव वर पट्ट्यांकडे बघत म्हणाले, "आमच्याकडे बहिणीच्या लग्नातला मांडव असाच होता. लाकूड एवढं चांगलं नव्हतं, पण मांडव मोठा. अन् मेढी रोवायला मळ्यापलीकडून माणसं यायची. वतनदार. दिवस उगवायच्या आत यायची आणि काम झालं की एक माणूस आत फिरकायचा नाही. कोणी हाकलायचं नाही, बोलायचं नाही. आपापलं समजून. एक शिस्त होती." त्यांच्या आवाजात राग नव्हता, तुच्छताही नव्हती. गेलेल्या दिवसांबद्दल म्हातारा माणूस बोलतो तेवढंच होतं. आणि हर्षवर्धन हसून म्हणाला, "आता कुठे राहिली ती शिस्त!"

कोणी त्याला विचारलं नव्हतं. कोणी त्याच्याकडे पाहतही नव्हतं. तो नुसता 'हं' म्हणाला असता, चहा ओतायला उठला असता, तरी चाललं असतं. वाक्य कसं आलं? ते आधीपासून तोंडात तयार असल्यासारखं आलं, त्याच्याच आवाजात, हलकं, बिनघोर. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती आणि तिथून थालीपिठाचा चुरचुर आवाज येत होता. तो आवाज क्षणभर थांबला, मग पुन्हा सुरू झाला. भिंतीजवळ पेपर उलटल्याचा आवाज आला. की तो नंतर आला?

अकरा वाजता ऊन जाळीतूनही झोंबायला लागलं. सगळे हॉलमध्ये कूलरसमोर गेले. थालीपिठं आली, दही आलं. हर्षवर्धन खिडकीसमोरच्या खुर्चीत होता. बाहेर बाग दिसत होती: रिकामा मांडव, पंख्याची बंद पाती, आणि भिंतीजवळ बाबा. भिंतीची सावली आटत आटत त्यांच्या पायांखाली आली होती आणि खुर्ची उन्हात होती. पेपर त्यांनी डोक्यावर धरला होता. एकदा त्यांनी मान वळवून घराकडे पाहिलं. आत बोलवावं तर ते हॉलमधूनच येणार. येऊन बसणार. मुकुंदराव विचारणार, बाबा, तुम्ही कुठे होता नोकरीला, गाव कुठलं, आणि बाबा सांगणार, सगळं, सरळ, कारण त्यांनी आजवर कधीच काही लपवलं नव्हतं. मागच्या दाराने या म्हणावं तर उठून बाहेर जावं लागणार. पाच मिनिटांनी सांगू, त्याने ठरवलं. मुकुंदराव न्यू जर्सीबद्दल काहीतरी बोलायला लागला होता. "डोळ्यांवर ऊन येतंय का तुमच्या?" हर्षवर्धनने भगवंतरावांना विचारलं, आणि ते "नाही, नाही" म्हणत असतानाच उठून त्याने पडदा ओढला.

"मामा पडलेत! अहो, मामा पडलेत!" वाळत घातलेले कपडे काढायला गेलेली प्रणिता ओरडली, तेव्हा बारा वीस झाले होते.

मुकुंदरावची गाडी. पुढे मुकुंदराव आणि तो. मागे आई, आणि भगवंतरावांच्या मांडीवर बाबांचं डोकं. प्रणिता मागून रिक्षाने येणार होती. भगवंतराव स्वतःहून आधी आत बसले होते, "ठेवा, इथे ठेवा" म्हणत, आणि उपरणं तांब्यात बुडवून बाबांच्या कपाळावर, छातीवर पिळत होते. त्यांचं धोतर भिजलं होतं. हब्शीगुड्याच्या सिग्नलला गाडी थांबली. म्हाताऱ्याने घाबरून गेलेल्या बाईशी काहीतरी बोलावं म्हणून विचारलं असावं: "काळजी करू नका, बाई. शुद्धीवर येतील. तुमचं मूळ शेळगावच ना? कोणाच्या वाड्यातले तुम्ही?"

"वाड्यातले नव्हं," मालनबाई म्हणाली. आवाज न चढवता, तांब्या धरून. "महारवाड्यातले. मांडवाच्या मेढी रोवायचं काम आमच्याच सासऱ्याकडं होतं. तुम्ही सकाळी सांगत होतात ते."

हर्षवर्धनला समोरच्या आरशात भगवंतरावांचा हात दिसत होता. उपरणं पिळणारा हात थांबला. सिग्नल हिरवा झाला, मागून रिक्षाचा भोंगा वाजला, मुकुंदरावने गिअर टाकला. हात पुन्हा हलला, उपरणं पुन्हा तांब्यात गेलं. किती वेळ थांबला होता? की गाडी थांबल्यामुळे, की तांब्यात पाणी कमी झाल्यामुळे? दवाखान्याच्या दारात भगवंतरावांनी स्ट्रेचरला हात लावला, आतपर्यंत आले. जाताना मालनबाईसमोर हात जोडून म्हणाले, "येतो, बाई." मुकुंदराव म्हणाला, "ऑफिसची काळजी करू नका, हर्षवर्धन." नेहमी तो शेळगावकर म्हणायचा. हे जवळचं होतं की लांबचं, हेही हर्षवर्धन बाकावर बसून उलटसुलट करून पाहत होता, आणि पाहताना त्याला स्वतःची किळस येत होती. आत बाप बर्फात पडलेला आणि बाहेर हा मॅनेजरच्या हाक मारण्याचा अर्थ लावतोय.

आईने ऐकलं होतं, हे आता पक्कं. म्हणजे भिंतीजवळ बसलेल्या बाबांनीही ऐकलं. पण ऐकलं म्हणूनच ते उन्हात बसून राहिले असं कशावरून? मांडव त्यांच्या अंगातच नव्हता. गारा, दोरखंड, लग्नाचं फाटक. तो पुन्हा त्या कारणाशी येऊन टेकला. फक्त कुणीतरी दुसऱ्याने ते एकदा मोठ्याने म्हणायला हवं होतं. प्रणिता घरून कपडे आणायला उठून गेली, तेव्हा तो बाकावरून उतरला आणि अखेर आईशेजारी फरशीवर बसला. फरशी गार होती.

"आई," तो म्हणाला, "बाबा मांडवात कधी बसतच नाहीत ना? आधीपासूनच. ते शेळगावचं... गारांचं."

मालनबाईने त्याच्याकडे पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदा नीट पाहिलं.

"कोण म्हनलं बसत नाहीत?"

"मी कधी पाहिलं नाही."

"तू कसा पाहशील? तू झोपलेला असतोस. रात्रीची नोकरी तुझी." तिने कोपरावरचं पीठ नखाने खरवडलं. "रोज पहाटं तिथंच बसायचेत. मांडव झाला त्या दिसापासून. एक दिस चुकला नाही. मी चहा न्यायची तर म्हनायचे, तूबी बस. मी म्हनलं, मला भाजी निवडायची हाय. म्हनले, इथंच आन. दोघं बसायचो. वर बघायचे अन् हसायचे. म्हनायचे, खड्डा मी खणला अन् खाली बी मीच बसलो, रामजीला सांगाया पाहिजे होतं."

एसीचं पाणी बादलीत पडत होतं. दुपारपासून उभं केलेलं ते कारण हर्षवर्धनच्या हातातून जात होतं, आणि त्याला ते धरून ठेवायचं होतं.

"मग आज का नाही बसले?"

"आजबी बसले होते की. पहाटं. तू आंघोळीला गेलास, तवा उठले अन् खुर्ची उचलून भिंतीकडं नेली. मी खिडकीतून म्हनलं, कामून हो? तर म्हनले, हर्षाचे पाहुणे येणार हायेत."

"मी काही बोललो नव्हतो त्यांना." त्याचा आवाज चढला, एक नर्स वळून पाहू लागली. "आई, मी एका शब्दाने सांगितलं नव्हतं, तिथे बसू नका म्हणून."

"नव्हतंच सांगितलं," मालनबाई म्हणाली. "मी कुठं म्हनलं सांगितलंस?"

तिने भिंतीला डोकं टेकवलं आणि डोळे मिटले. आंघोळीच्या वेळी. म्हणजे पाहुणे यायच्या आधी, शिस्तीच्या आधी, त्या वाक्याच्या कितीतरी आधी. बाबांनी ऐकलं की नाही, हा प्रश्न दुपारपासून त्याने हातात धरून ठेवला होता. आता तो प्रश्नच उरला नव्हता. ऐकायची गरजच पडली नव्हती. कोणी हाकललं नाही, कोणी बोललं नाही. त्याला ती खुर्ची दिसली: प्लास्टिकची, पांढरी, त्याने स्वतः सहा आणलेल्यांतली एक; बाबांनी ती पाय ओढू न देता उचलली असेल, आवाज होऊ नये म्हणून, आंघोळीच्या खोलीत मुलगा गुणगुणत होता म्हणून.

साडेपाचला रिसेप्शनवरच्या फोनवर त्याला बोलावलं. प्रणिता होती, घरून. "कपडे घेतले मी. आत्यांची शालपण घेते, तिथे एसी आहे." मग थोडं थांबून: "बाहेर खुर्ची तशीच पडलीय, अहो. मामांची. पर्गोल्यात ठेवू का, की आत?"

तो रिसीव्हर कानाला लावून उभा राहिला. काउंटरपलीकडची मुलगी पेन नाचवत त्याच्याकडे बघत होती. "अहो? ऐकताय ना?" प्रणिता म्हणाली. "राहू दे," असं त्याच्या तोंडून निघणार होतं, आणि ते शब्द शेळगावच्या मांडवात कुणाचे होते हे आठवून त्याने ते गिळले. लाइन तशीच चालू राहिली. मग तिनेच फोन ठेवला.

सहा वाजता डॉक्टर बाहेर आला. ताप एकशे दोनवर आला होता. मूत्रपिंडांचं उद्या सकाळी कळेल, म्हणाला. अंबाजींना शुद्ध आलेली नव्हती.